काळ्या पडद्यामागचे थर : एम्युलेटरमधील एका सेटिंगचा इतिहास

शिरपूर तालुक्यात इतिहास म्हटला की बोट आपोआप थाळनेरकडे वळते. तापीकाठच्या त्या ढासळलेल्या किल्ल्यात फारुकी, मुघल, होळकर आणि १८१८ साली तोफा घेऊन आलेला हिस्लॉप असे सगळे एकावर एक बसलेले आहेत. तट वाचायचा म्हणजे हे थर सुटे करायचे, हे या मालिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आजच्या थ्रेडमध्ये मात्र तट नाही, एक लहानशी यादी आहे. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये आभासी फोन तयार करताना ‘ग्राफिक्स’ या शब्दापुढे ती उघडते आणि तिच्यात तीनच शब्द असतात : ऑटोमॅटिक, हार्डवेअर, सॉफ्टवेअर.

या यादीशी शिरपूरचा संबंध रोजचा आहे. आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय येथे २००१ पासून आहे आणि तापीकाठी एनएमआयएमएसचा परिसर २००७ पासून. त्यामुळे गावात दरवर्षी नवी मुले मोबाइल ॲप बांधायला बसतात. पुष्कळदा लॅपटॉप थोरल्या भावाने वापरून दिलेला असतो. एम्युलेटर सुरू केला की पडद्यावर फोनची सुबक चौकट उमटते आणि चौकटीच्या आत नुसता काळोख. पहिला समज होतो की आपला कोड चुकला. दुसरा समज होतो की नवा लॅपटॉप घ्यावा लागणार. कापसाच्या नाहीतर पपईच्या पैशावर घर चालत असेल, तर हा दुसरा समज फार महाग पडतो. बहुतेक वेळा हे दोन्ही समज खोटे असतात आणि ते का खोटे आहेत याचे उत्तर इतिहासात सापडते.

प्रश्न जुना आहे. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचे सोंग घेते, तेव्हा त्या सोंगातले चित्र काढायचे कोणी? सोंग घेणाऱ्याने, ज्याचे सोंग घेतले त्याने, की तिसऱ्याच कोणी?

सोंगाचा पहिला मोठा प्रयोग १९६४ चा. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. अडचण अशी होती की ग्राहकांचे सारे हिशेब जुन्या १४०१ सारख्या यंत्रांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये अडकलेले होते आणि नवे यंत्र ती भाषा जाणत नव्हते. निव्वळ सॉफ्टवेअरने जुन्या यंत्राची नक्कल करता येई, पण ती इतकी संथ की व्यवहारात निरुपयोगी. तेव्हा नव्या यंत्राच्या गाभ्यातच, त्याच्या सूक्ष्म आज्ञावलीत, जुन्या यंत्राचे वळण बसवण्यात आले. या मिश्र पद्धतीला ‘एम्युलेशन’ हे नाव देण्याचे श्रेय आयबीएमचे अभियंते लॅरी मॉस यांना दिले जाते. म्हणजे या शब्दाच्या जन्मापासूनच त्यात एक तडजोड आहे : निम्मे काम सॉफ्टवेअरचे, निम्मे हार्डवेअरचे. आजच्या यादीतील दोन शब्द तेथूनच चालत आलेले आहेत. फरक एवढाच की १४०१ चे उत्तर कागदावर छापून येत असे. चित्राचा प्रश्न अजून उगवायचा होता.

मधली चार दशके झरझर ओलांडू. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र सुरक्षितपणे कधी चालवता येते याच्या अटी मांडल्या. आपल्या घरोघरीच्या इंटेल जातीच्या प्रोसेसरना त्या अटी मुळात पूर्ण करता येत नव्हत्या. ही उणीव भरून काढणारी सोय इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच दिली. त्याआधी, २००३ मध्ये, फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ‘क्यू-एम्यू’ प्रसिद्ध केला. परक्या प्रोसेसरची आज्ञा वाचायची, तिचे आपल्या प्रोसेसरच्या भाषेत जागच्या जागी भाषांतर करायचे आणि ते भाषांतर पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवायचे, ही त्याची रीत. दुभाष्याने नेहमीची वाक्ये पाठ करून ठेवावीत तशी.

गूगलने याच क्यू-एम्यूवर अँड्रॉइडचा एम्युलेटर उभा केला, आणि येथे कालक्रमातली एक गंमत आहे. अँड्रॉइडची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ ची. त्यानंतर आठवड्याभरात, १२ नोव्हेंबरला, विकासकांसाठीचा संच एम्युलेटरसह बाहेर आला. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीचा ‘टी-मोबाइल जी-१’, बाजारात आला तो मात्र ऑक्टोबर २००८ मध्ये. जवळजवळ वर्षभर प्रतिकृती होती आणि मूळ वस्तू दुकानात नव्हती! गूगलने ॲप लिहिणाऱ्यांसाठी एक कोटी डॉलरची स्पर्धाही लावली, आणि तिच्या पहिल्या फेरीतील मंडळींनी कोणाच्याही खिशात नसलेल्या फोनसाठी प्रोग्रॅम लिहिले. ज्या काल्पनिक यंत्रासाठी ते लिहिले गेले, त्याच्या हार्डवेअरचे नाव होते ‘गोल्डफिश’. काचेच्या भांड्यातला मासा. बाहेरच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही.

या माशाचे चित्र कोण काढत असे? सुरुवातीला तो स्वतःच. पाहुण्या अँड्रॉइडच्या आत ‘पिक्सेलफ्लिंगर’ नावाचा सॉफ्टवेअर चितारी होता. तो ठिपक्यामागून ठिपका प्रोसेसरकडून रंगवून घेई, आणि तो प्रोसेसरही भाषांतरित, म्हणजे आधीच संथ. जी-१ चा पडदा ३२० × ४८० ठिपक्यांचा, एकूण १,५३,६००. तेवढे कसेबसे निभावत असे. पण फोन पुढे गेले. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ ने ॲपना ‘ओपनजीएल ईएस २.०’ ही नवी चित्रभाषा पुरतेपणी खुली केली आणि एम्युलेटरमधल्या चिताऱ्याला ती येत नव्हती. दोन वर्षे अशी गेली की खेळ किंवा नकाशा बांधणाऱ्याला प्रत्यक्ष फोन हाती असल्यावाचून काम तपासता येत नसे. पुण्या-मुंबईच्या कंपनीत कपाटभर फोन असू शकत होते. शिरपूरच्या वसतिगृहात एक असला तरी पुष्कळ. एम्युलेटरच्या इतिहासात या दोन वर्षांकडे फारसे कोणी पाहत नाही. माझ्या मते ती या कथेतील सर्वांत अन्यायाची वर्षे आहेत.

कोंडी फुटली एप्रिल २०१२ मध्ये. तेव्हाच्या नव्या आवृत्तीने एकाच वेळी दोन दरवाजे उघडले. एक, इंटेल जातीचा पाहुणा इंटेलच्याच यजमानावर भाषांतराशिवाय चालू लागला. दोन, पाहुण्याने चित्रासाठी दिलेली प्रत्येक आज्ञा एका नळीतून बाहेर काढून यजमान लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपकडे पोचवली जाऊ लागली. यादीतला ‘हार्डवेअर’ हा शब्द म्हणजे ही नळी. काळा पडदाही बहुधा या नळीच्या बाहेरच्या तोंडाशीच जन्मतो. आत फोन व्यवस्थित चालू असतो, त्याने चित्र मागितलेलेही असते. यजमानाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला ती मागणी समजत नाही किंवा तो ती अर्धवट पुरवतो.

यजमान असा अडाणी का? तर ओपनजीएल ही भाषा सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये आणली, पण विंडोजच्या जगात मायक्रोसॉफ्टने स्वतःची ‘डायरेक्ट३डी’ चालवली आणि चिप बनवणाऱ्यांनीही साहजिकच तिच्याकडे अधिक लक्ष दिले. परिणामी कित्येक साध्या विंडोज लॅपटॉपवर ओपनजीएलचा ड्रायव्हर जुना, सदोष किंवा नावापुरता राहिला. दोन कंपन्यांच्या जुन्या चढाओढीची किंमत अशी भलतीकडेच मोजली जाते. त्यावर उतारा म्हणून गूगलने २०१० मध्ये ‘अँगल’ जाहीर केला. तो ओपनजीएल ईएसचे डायरेक्ट३डीत रूपांतर करतो. दुसरा उतारा ‘स्विफ्टशेडर’, कॅनडाच्या ट्रान्सगेमिंगने घडवलेला आणि गूगलने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला. हा पुन्हा सॉफ्टवेअर चितारीच, पण पाहुण्याच्या आत न बसता यजमानाच्या पूर्ण वेगाच्या प्रोसेसरवर बसणारा आणि नवी चित्रभाषा जाणणारा. यादीतला ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द म्हणजे तो. पिक्सेलफ्लिंगरचा हा वारस, पण वाड्याबाहेर राहणारा.

‘ऑटोमॅटिक’ला मात्र स्वतःचा इतिहास नाही. तो यजमानाकडे पाहून वरच्यांपैकी एकाची निवड करतो, आणि त्याची निवड चुकते तेव्हाच आपण या यादीपाशी येतो.

आता हे थर हाती धरून काळ्या पडद्याकडे पाहू. आधी आत जीव आहे का ते तपासावे. टर्मिनलमध्ये एडीबीला जोडलेल्या उपकरणांची यादी विचारली आणि एम्युलेटर ‘डिव्हाइस’ म्हणून दिसला, तर फोन जागा आहे आणि आजार केवळ चित्राचा आहे. यादीत तो ‘ऑफलाइन’ असेल किंवा मुळी नसेलच, तर दोष आणखी खालच्या थरात, १९७४ च्या अटींपाशी आहे. त्यासाठी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. २००५ ची ती सोय कित्येक लॅपटॉपांत बायोसमध्ये बंद असते आणि ती तेथेच जाऊन सुरू करावी लागते. चित्र दिसते पण सारे बैलगाडीच्या चालीने चालते, हेही बहुधा याच थराचे लक्षण. ग्राफिक्सच्या यादीशी खेळून ते सुधारत नाही.

आजार चित्राचाच ठरला, तर पहिले काम ‘कोल्ड बूट’. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘क्विक बूट’मुळे एम्युलेटर बंद करताना त्याची आहे ती अवस्था साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. साठवताना पडदा काळा असेल, तर काळाच परत येतो. लोक दहादहा वेळा बंद-चालू करतात आणि दर वेळी तीच जुनी पोथी उघडते. यादीतील पर्याय बदलल्यानंतरही कोल्ड बूटच करावा, कारण एका चिताऱ्याच्या हातचे अर्धे चित्र दुसऱ्याला पुरे करता येत नाही.

त्यानेही उजाडले नाही, तर ‘सॉफ्टवेअर’ निवडावे. हा पर्याय हलका, गरिबांचा, असा एक समज आहे आणि तो मला पटत नाही. फॉर्म, याद्या, बटणे असलेल्या साध्या ॲपसाठी तो पुरेसा आहे, आणि यजमानाच्या बिघडलेल्या ड्रायव्हरशी त्याचे काही देणेघेणे नसल्यामुळे अनेकदा अधिक विश्वासार्हही. प्ले स्टोअर असलेल्या काही आभासी फोनांत ही यादी करडी पडते आणि बदलू देत नाही. तेव्हा चालू एम्युलेटरच्या शेजारच्या पट्टीतील तीन टिंबे, तेथून सेटिंग्ज, तेथून ॲडव्हान्स्ड अशी वाट आहे. तेथे ओपनजीएल ईएसच्या रेंडररमध्ये अँगल आणि स्विफ्टशेडर आपापल्या नावानिशी भेटतात. विंडोजवर आधी अँगल आणि मग स्विफ्टशेडर हा क्रम मला योग्य वाटतो, कारण अँगलमध्ये ग्राफिक्स चिप कामाला राहते. दरम्यान लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा चिप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्स ड्रायव्हर नवा करून घ्यावा. तो जमला, तर ‘हार्डवेअर’ आपोआप शहाणा होतो.

सॉफ्टवेअर चिताऱ्याला दमवू नये, एवढे पथ्य आहे. १०८० × १९२० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे धरली तर १२,४४,१६,००० ठिपके, आणि ते सारे प्रोसेसरने रंगवायचे. ७२० × १२८० चा आभासी फोन घेतला तर पडद्यावर ९,२१,६०० ठिपके, म्हणजे निम्म्याहूनही कमी काम. ४ जीबीच्या लॅपटॉपवर हा एक बदल नव्या खरेदीइतका उपयोगी पडू शकतो. ॲपची मांडणी त्याने बिघडत नाही, कारण अँड्रॉइड मापे ठिपक्यांत न मोजता ‘डीपी’त मोजतो. एक डीपी म्हणजे इंचाला १६० ठिपके असलेल्या पडद्यावरचा एक ठिपका. जी-१ च्या पिढीचे पडदे गेले, पण त्या काळचे हे १६० मात्र प्रत्येक नव्या फोनच्या हिशेबात मापाचे एकक होऊन राहिले आहे. गज-वार गेले तरी जमिनीचे बोलणे ‘गुंठ्या’त चालते, तसेच काहीसे. एकच काळजी घ्यावी : पडदा लहान करताना घनताही त्या प्रमाणात उतरवावी, नाहीतर बटणे ढोलासारखी फुगतात आणि दोष उगाच ॲपवर येतो.

येथपर्यंत चित्राची कथा झाली. आपल्यासाठी तिचा अर्धा भाग अजून उरतो, कारण आपल्या ॲपमधले बहुतेक चित्र म्हणजे अक्षर. आणि ‘चित्र कोण काढणार’ हा प्रश्न मराठीने संगणकाला अँड्रॉइडच्या कितीतरी आधी विचारलेला आहे.

डॉसच्या काळात पडद्यावर ८० × २५ अशा २,००० चौकटी असत आणि प्रत्येक चौकटीत एक इंग्रजी अक्षर बसे. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, डावीकडे वेलांटी; तिला चौकट पुरेना. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ हे तंत्र यावरचे उत्तर होते. त्या नावातला पहिला शब्दच ‘ग्राफिक्स’ आहे. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या समजुतीने नेहमीसारखीच अक्षरे लिहीत राही आणि पडद्यावरचे देवनागरी रूप कार्ड घडवी. पाहुण्याला कळू न देता त्याचे चित्र दुसऱ्याने काढायचे! २०१२ ची नळी आणि पुण्याचे कार्ड यांत तंत्राचे नाते नाही, पण युक्ती एकाच कुळातली आहे. त्याही मागे गेलो तर छापखान्यातही हीच विभागणी दिसते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले तेव्हा पान अखंड चित्र होते, मात्रेचा वेगळा प्रश्न नव्हता. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या खिळ्यांच्या छापखान्यांत मात्र अक्षराच्या वर-खाली काय आणि कसे बसवायचे, हाच मुख्य प्रश्न झाला.

अँड्रॉइडमध्ये हे जुळाऱ्याचे काम ‘हर्फबझ’ करतो. हे फारसी नाव आहे. एखादा ‘हरफ’ही न बोलणे यातला हरफ तो हाच. मराठी ही अँड्रॉइडची स्वतःची भाषा, म्हणजे सेटिंग्जमध्ये निवडता येणारी, झाली ती २०१४ च्या अखेरीस आलेल्या आवृत्ती ५.० मध्ये. पण त्यानंतरही ओळीची उंची मुख्य लॅटिन फॉन्टच्या मापाने धरली जाई, आणि देवनागरी दुसऱ्या फॉन्टातून येत असल्यामुळे वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांवर आदळत किंवा कापले जात. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये ‘फॉलबॅक लाइन स्पेसिंग’ आले आणि ओळ प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टाप्रमाणे उंच होऊ लागली, तीही नव्या आवृत्तीला लक्ष्य धरून बांधलेल्या ॲपमध्ये. म्हणून मराठी मजकूर कापलेला दिसला की ग्राफिक्सच्या यादीकडे धावू नये. चितारी बदलल्याने मात्रा परत येत नाही; हा थर वेगळा आहे.

उलट बाजूचा धोका अधिक मोठा. एम्युलेटरमध्ये अँड्रॉइडचे मूळ, स्वच्छ फॉन्ट असतात. बोराडीच्या किंवा सांगवीच्या बाजारात ज्याच्या हाती आपले ॲप जाणार, त्याच्या स्वस्त फोनवर कंपनीने स्वतःचे फॉन्ट बसवलेले असू शकतात आणि आवृत्तीही जुनी असू शकते. एम्युलेटरवर नेटके दिसलेले औषधाच्या मात्रेचे वाक्य तिथे अर्धे कापले गेले, तर ते ज्याच्यासाठी लिहिले त्याला वाचता येणार नाही. यावर निम्मा उपाय एम्युलेटरच्याच पोटात आहे : अँड्रॉइड ५ चा एक, ९ च्या अलीकडचा एक आणि अगदी नवा एक असे तीन आभासी फोन करून, पाळीपाळीने, एकच ओळ सर्वांवर लावून पाहावी. उरलेला निम्मा उपाय म्हणजे शेजाऱ्याचा फोन पाच मिनिटे मागून घेणे.

ती ओळ कोणती, तर मराठीला खास छळणारी. ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हवेत. त्यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून तो बेफिकिरीने केलेल्या फॉन्टात पहिला ढासळतो. ‘हुतूतू’ हवे, खालची कड पाहण्यासाठी. ‘शेंगदाणे’ आणि ‘वर्षे’ हवेत, वरची कड पाहण्यासाठी. ‘लसूण’ आणि ‘शाळा’ हवेत, कारण ल आणि श यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिली आहेत, आणि ज्या फॉन्टांत तशी सोय आहे त्यांत उपकरणाची भाषा हिंदीवरून मराठी केली की ही दोन अक्षरे रूप पालटतात. आणि शेवटी ‘ॲप’ हा शब्द हवाच. त्यातला ॲ एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला एप्रिल २००८ च्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे अँड्रॉइडच्या पहिल्या एम्युलेटरनंतर पाच महिन्यांनी. ज्या जुन्या फॉन्टात तो नाही, तेथे ‘ॲप’ लिहिले की आधी एक रिकामा चौकोन दिसतो आणि मग प.